अडीच टक्के की अर्धा टक्का? सांगलीतल्या एका आयसीयूमधल्या लाइन-संसर्गाची उकल

रुग्ण जत तालुक्यातला, पस्तिशीचा, टेम्पो चालवणारा. पंधरवड्यापूर्वी जुलाब झाले होते, ते थांबले. मग पायांत मुंग्या आल्या, पायऱ्या चढता येईनात, आणि दोन-तीन दिवसांत हातही उचलेना. घरच्यांनी वात समजून मानेपासून टाचेपर्यंत तेल चोळलं. सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात आणलं तेव्हा श्वास अपुरा पडत होता. त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. निदान गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून प्लाझ्मा बदलायचं ठरलं आणि त्यासाठी उजव्या बाजूने मानेतल्या शिरेत जाड, दुपदरी डायलिसिस कॅथेटर बसवलं गेलं. मोठ्या शिरेतल्या अशा नळीला आयसीयूत ‘लाइन’ म्हणतात. (रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप आला. छातीचा एक्स-रे स्वच्छ, लघवी स्वच्छ. कॅथेटर जिथून त्वचेत शिरतं तिथे लालसर कडं आणि दाबल्यावर पुवाचा एक थेंब.

आयसीयूत आलेला बहुतेक ताप हा गुंत्यातला ताप असतो. न्यूमोनिया आधीपासून असतो, पोटात काही फुटलेलं असतं, कुठली तरी जखम असते. इथे तसं काही नव्हतं. हा माणूस आला तेव्हा त्याला कसलाच संसर्ग नव्हता, त्याच्या नसा तेवढ्या बंद पडल्या होत्या. म्हणून हे प्रकरण तपासण्यासारखं होतं. जे काही शिरलं, ते रुग्णालयात आल्यावर शिरलं.

मी मिरजेच्या एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम पाहतो. त्या रुग्णालयाच्या कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासण्या, आमच्याकडे येतात. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी नमुने नीट घेतले होते, हे आधी सांगायला हवं. एक बाटली कॅथेटरमधून, एक दुसऱ्या हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, सारखंच रक्त. दोन्ही बाटल्या एकदमच मशीनमध्ये गेल्या. आत जंतू वाढले की मशीन वाजतं. कॅथेटरची बाटली हातावरच्या बाटलीपेक्षा तीन तासांहून आधी वाजली. हा फरक दोन तासांचा किंवा जास्त असला, की जंतूंचं घर कॅथेटरमध्ये आहे असं धरतात, कारण जिथे जंतू जास्त तिथली बाटली आधी वाजते. दोन्हींत एकच जंतू निघाला: स्टॅफिलोकोकस ऑरियस, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देणारा.

आपल्याकडच्या आयसीयूंत लाइनच्या संसर्गात क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर हे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू फार दिसतात. ते दिसले की माझी नजर नळ, सिंक, सलाइनची उघडी बाटली, हात यांच्याकडे जाते. स्टॅफिलोकोकस मात्र त्वचेचा आणि नाकाचा रहिवासी. कॅथेटरवर जंतू पोचायच्या मुख्य वाटा दोन. एक बाहेरून, म्हणजे टोचलेल्या जागेच्या त्वचेवरून कॅथेटरच्या बाहेरच्या पृष्ठभागाला धरून आत. दुसरी आतून, म्हणजे जिथे सिरिंज किंवा नळी जोडतात त्या हबमधून. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत बाहेरची वाट जास्त चालते, पुढे हबची. सहावा दिवस, त्वचेचा जंतू, तोंडाशी पू. हबची शक्यता पुसून टाकता येत नाही, पण बोट त्वचेकडेच जात होतं.

रुग्णालयाचं म्हणणं वेगळं होतं. तिथल्या इंटेन्सिव्हिस्टनी, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी, फोनवरच सांगितलं, “सर, आम्ही बीटाडीन कधीच सोडलंय. क्लोरहेक्सिडीनच वापरतो. चेकलिस्ट भरलेली आहे, बघा.” (बीटाडीन आणि क्लोरहेक्सिडीन ही दोन्ही त्वचेवरचे जंतू मारायची औषधं.) लाइन घालतानाची चेकलिस्ट खरंच भरलेली होती. हात धुतले, बरोबर. टोपी, मास्क, गाऊन, मोठा ड्रेप (निर्जंतुक चादर), बरोबर. त्वचेला क्लोरहेक्सिडीन, बरोबर. जांघ टाळली, बरोबर.

या चेकलिस्टचं मूळ अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आहे. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शंभरावर आयसीयूंत पाच साध्या गोष्टी रुजवल्या: हात धुणं, पूर्ण ड्रेप-गाऊन, क्लोरहेक्सिडीन, जांघेतली लाइन टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. २००६ साली त्यांनी निकाल छापले. संसर्गाचा सरासरी दर दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एक कॅथेटर एक दिवस राहिलं की एक कॅथेटर-दिवस) ७.७ होता, तो दीड वर्षाच्या आत १.४ वर आला. जगभरच्या आयसीयूंनी ती यादी उचलली, ते योग्यच झालं. पण तिथे नर्सला हात आडवा करून डॉक्टरला थांबवण्याचा अधिकारही दिला होता. आपल्याकडे यादी आली, अधिकार वाटेतच राहिला. आणि यादीतला चौकोन विचारतो की क्लोरहेक्सिडीन लावलं का. कोणतं, किती आणि कसं हे विचारत नाही.

म्हणून कागद बाजूला ठेवला आणि बाटली बघायला मागितली.

बाटली

पाचशे मिलीची पारदर्शक बाटली, आत रंगहीन द्रव. लेबलवर ठळक अक्षरांत: क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट सोल्युशन आयपी, २.५ टक्के व्ही/व्ही, सोबत ७० टक्के इथेनॉल. स्टोअरच्या भाऊंनी अभिमानानेच दाखवली. “डॉक्टरसाहेबांनी दोन टक्के मागितलं होतं. त्या भावात हे अडीचवालं मिळालं. जास्तच आहे की ओ!”

जास्त नव्हतं. चौपट कमी होतं.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे, कारण हे लेबल खोटं नाही आणि कंपनीने काही लपवलेलंही नाही. इंडियन फार्माकोपियात (आयपी, औषधांच्या अधिकृत मानकांचा ग्रंथ) ‘क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट सोल्युशन’ हे मुळात २० टक्क्यांचं द्रावण असतं, म्हणजे १०० मिलीत २० ग्रॅम औषध. व्ही/व्ही म्हणजे द्रवात द्रव. २.५ टक्के व्ही/व्ही म्हणजे त्या मूळ द्रावणाचे अडीच मिली घेऊन एकूण १०० मिली केले. अडीच मिलीत औषध किती? अर्धा ग्रॅम. म्हणजे वजनाने, डब्ल्यू/व्ही हिशेबाने, ०.५ टक्के. लेबलवर खाली बारीक अक्षरांत ‘०.५ टक्के डब्ल्यू/व्हीच्या समतुल्य’ असं लिहिलेलंही होतं. खरं दोन टक्क्यांचं औषध हवं असेल तर मूळ द्रावणाचे दहा मिली लागतात, आणि मग बाटलीवर ‘१० टक्के व्ही/व्ही’ असं दिसतं. म्हणजे पुढच्या वेळी योग्य बाटली आली, तर कोणी तरी “अहो, दहा टक्के? त्वचा जळेल” म्हणून परत पाठवण्याची शक्यता होतीच.

अर्धा टक्का निरुपयोगी असतो असं नाही. हातांना लावायच्या रबमध्ये हीच मात्रा असते आणि ती बाटली मुळात त्याच कामाची होती. काहींत त्वचा मऊ राहावी म्हणून स्निग्ध पदार्थही असतात. पण अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत सेंट्रल लाइनसाठी ०.५ टक्क्यापेक्षा जास्त क्लोरहेक्सिडीन अल्कोहोलसह वापरा असं आहे. जास्त, बरोबरीचं नव्हे. आणि ज्या चाचणीच्या जोरावर या डॉक्टरांनी बीटाडीन सोडलं होतं, तीत दोन टक्क्यांचं औषध होतं.

ती चाचणी फ्रान्सची, नाव ‘क्लीन’, ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली छापलेली. अकरा आयसीयू, अडीच हजारांवर रुग्ण, पाच हजारांवर कॅथेटर. एका बाजूला २ टक्के क्लोरहेक्सिडीन ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, दुसऱ्या बाजूला ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन (बीटाडीनमधलं औषध) ६९ टक्के इथेनॉलमध्ये. कॅथेटरचे संसर्ग दर हजार कॅथेटर-दिवसांमागे पहिल्या गटात ०.२८, दुसऱ्यात १.७७. लक्षात घ्या, तिथलं आयोडीनही अल्कोहोलमधलं होतं. आपल्या ट्रॉलीवरचं बीटाडीन बहुधा पाण्यातलं असतं, त्यामुळे तुलना आपल्यासाठी सरळ लागू होत नाही. एक गोष्ट मी नेहमी सांगतो: त्या चाचणीत क्लोरहेक्सिडीनचा एकदाच वापरायचा स्पंजवाला अ‍ॅप्लिकेटर होता आणि तो बनवणाऱ्या कंपनीचाही चाचणीला निधी होता. म्हणून निकाल खोटा ठरत नाही. पण अ‍ॅप्लिकेटर हातात आला की हात आपोआप ठरावीक पद्धतीने चालतो, आणि बाटली-गॉजवर तसं होत नाही. मग हात कसा चालतो तेही पाहायला हवं होतं.

अल्कोहोल इथेनॉल की आयसोप्रोपिल, यावर मात्र मी वेळ घालवला नाही. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात स्पिरिटची वानवा नाही आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास दोन्ही चांगलं काम करतात. शुद्ध शंभर टक्के अल्कोहोल उलट कमी पडतं, प्रथिनं मोडायला पाणी लागतं.

बाटलीतल्या द्रवाची कल्चरही केली. अँटिसेप्टिकच दूषित असल्याने साथ पसरल्याच्या नोंदी आहेत, पोव्हिडोन आयोडीनच्या बाटल्यांतूनसुद्धा. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटल्या भरत राहण्याची सवय इथेही होतीच. काही उगवलं नाही. बाटली कमजोर होती, घाणेरडी नव्हती.

हात

सिस्टरना मी म्हटलं, त्या रात्री जसं केलं तसंच एकदा करून दाखवा. त्यांनी सहकारी सिस्टरच्या हातावर करून दाखवलं, आणि त्या सराईत होत्या. बाऊलमध्ये द्रव ओतला, होल्डरमध्ये गॉज धरला, मध्यापासून बाहेर गोल-गोल फिरवत नेला, तीन वेळा. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. मग ड्रममधला कोरडा गॉज घेतला आणि जागा स्वच्छ पुसून कोरडी केली.

“पुसलंत का?”

“सर, ओलं असलं की ड्रेप चिकटत नाही. वर टेगाडर्म (पारदर्शक ड्रेसिंग) पण निघतं. डॉक्टर ओरडतात.”

खरंच ओरडतात. आणि ही सवय आली कुठून तेही कळण्यासारखं आहे. पाण्यातलं बीटाडीन वाळायला दोन मिनिटं तरी लागतात, तेवढा धीर कोणाला नसतो. शिवाय तपकिरी रंगात शीर दिसत नाही. म्हणून बीटाडीन लावायचं आणि लगेच स्पिरिटने पुसायचं, असं आमच्या पिढीने वॉर्डावॉर्डांत पाहिलंय. आयोडीनला काम करायला वेळ मिळण्याआधीच ते गॉजवर निघून जायचं. औषध बदललं तरी पुसणं तेच राहिलं.

पुसल्याने काय बिघडतं ते नीट पाहू. अल्कोहोल झटकन मारतं, पण उडून गेलं की त्याचं काम संपलं. क्लोरहेक्सिडीन सावकाश असतं, पण त्वचेच्या वरच्या थराला धरून बसतं आणि तासन्‌तास जंतूंना पुन्हा वाढू देत नाही. कॅथेटर दिवसेंदिवस राहणार असतं, म्हणून हा दुसरा गुण हवा असतो. ओलं असतानाच पुसलं की दोन्ही गुण गॉजबरोबर जातात. त्यात गोल फिरवणं. त्वचेवरचे बरेच जंतू वरवर नसतात, ते केसांच्या मुळांशी आणि थरांच्या फटींत असतात. तिथपर्यंत औषध न्यायचं तर मागे-पुढे, दाब देऊन घासावं लागतं. कोरड्या जागी ३० सेकंद घासणं आणि निदान ३० सेकंद आपोआप वाळू देणं. जांघेसारख्या दमट जागी २ मिनिटं घासणं आणि १ मिनिट वाळणं. केस असतील तर आणखी जास्त.

आणि इथे केस होते. दाढी वाढलेली होती, ती वॉर्डच्या मामांनी ब्लेडने काढली होती. ब्लेडने त्वचेला दिसणार नाहीत असे चरे पडतात आणि स्टॅफिलोकोकसला तेवढं पुरतं. केस काढायचेच तर क्लिपरने.

तेलाचा मुद्दा मला सगळ्यात उशिरा सुचला आणि तो रुग्णाच्या पुतण्याच्या बोलण्यातून आला. “मानेला पण चोळलं होतं की, डॉक्टर. मान धरत नव्हती ना त्याला.” ‘क्लीन’ चाचणीत अँटिसेप्टिकआधी साबणाने घासून त्वचा धुण्याने काही फायदा दिसला नव्हता, म्हणून बऱ्याच आयसीयूंनी धुणं सोडलं. निष्कर्ष दिसायला स्वच्छ त्वचेपुरता ठीक आहे. तेलाने माखलेली, घामाने चिकट झालेली, शेतातल्या मातीची मान या हिशेबात बसत नाही. तिथे आधी साबण-पाणी, मग कोरडं करणं, मग अँटिसेप्टिक. रात्री अकरा वाजता, श्वास सुटत असलेल्या माणसाच्या मानेला साबण लावायचं कोणाला सुचणार? मला त्यात दोष दिसत नाही. पण घाईत घातलेल्या लाइनसाठीही सीडीसीची सूचना आहे: निर्जंतुकपणाची खात्री नसेल तर ती लाइन ४८ तासांच्या आत बदला. तो विचार तिसऱ्या दिवशी कोणी केला नाही, कारण चेकलिस्टवर सगळे चौकोन भरलेले होते.

तिसऱ्या दिवशी आणखी एक झालं होतं. नर्सिंग नोटमध्ये एक ओळ आहे: ‘ड्रेसिंग सुटले, डायनाप्लास्टने पक्के केले.’ मानेतली लाइन, बाजूला तोंडातून ओघळणारी लाळ, उगवत असलेली दाढी. पारदर्शक ड्रेसिंगची खालची कड उचलली गेली. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांपर्यंत ठेवता येतं, पण ते सुटलं, भिजलं, मळलं तर त्याच क्षणी बदलायचं असतं. ड्रेसिंग सुटणं हा स्वतंत्र, मोठा धोका आहे. इथे त्यावर पट्टी मारून ते झाकलं गेलं. ड्रेसिंग बदललं असतं तर त्वचेवर पुन्हा औषध लागलं असतं, आणि लाली दोन दिवस आधी दिसली असती.

आता वजन कशाला किती? माझं मत असं की अर्ध्या टक्क्याने एकट्याने हा संसर्ग झाला नसता. पुसणं आणि सुटलेलं ड्रेसिंग हे जास्त जड. पण दाढी, तेल, लाळ ही या एका रुग्णाची गोष्ट होती. लेबलची चूक मात्र त्या आयसीयूत लाइन पडलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला आली असती, वर्षानुवर्षं, कोणाच्याही लक्षात न येता. एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही, आणि रुग्णालयाला दिलेल्या टिपणातही मी तसंच लिहिलं.

उपचार सरळ होते. कॅथेटर त्याच दिवशी काढलं; स्टॅफिलोकोकस ऑरियस असला की कॅथेटर वाचवायच्या फंदात पडायचं नसतं. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पुन्हा रक्त तपासलं, हृदयाच्या झडपांसाठी इको झाला, तो स्वच्छ निघाला. निगेटिव्ह कल्चरपासून पूर्ण १४ दिवसांचा कोर्स. मधले काही दिवस प्लाझ्मा बदलणं थांबलं, मग डाव्या बाजूने नवीन कॅथेटर टाकून उरलेले बदल पूर्ण केले. काही आठवड्यांनी तो व्हेंटिलेटरवरून सुटला आणि वॉकर धरून घरी गेला. जीबीएसचा माणूस तसाही आठवडे काढतोच, पण त्यातले काही आठवडे आणि पुतण्याने उसने आणलेल्या पैशांतला काही भाग या लाइनने खाल्ला.

ड्रेपचं पाकीट

बदल करताना सोपा भाग स्टोअरचा होता. खरेदीच्या यादीत आता ‘क्लोरहेक्सिडीन’ एवढंच नाही, तर ‘वजनाने २ टक्के (लेबलवर १० टक्के व्ही/व्ही), ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्वचेसाठी’ असं लिहिलंय आणि भाऊंच्या टेबलावर तो अडीच मिलीचा हिशेब चिकटवलाय. मोठ्या बाटलीतून छोट्या बाटल्या भरणं बंद. शंभर मिलीची बाटली, उघडल्याची तारीख त्यावर. सोबत एक सावधगिरी मुद्दाम घातली: मानेला औषध लावताना डोकं वळवलेलं असतं आणि ओघळ कानाकडे, डोळ्याकडे जातो. क्लोरहेक्सिडीन कानाच्या आत आणि डोळ्यात चालत नाही, तिथे गॉजची घडी ठेवायची. ‘क्लीन’ चाचणीतही त्वचेच्या तीव्र प्रतिक्रिया क्लोरहेक्सिडीनच्या गटात जास्त होत्या, ३ टक्के विरुद्ध १ टक्का. आणि क्वचित पण जीवघेण्या ॲलर्जीचा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ साली दिलेला आहे. पूर्वी कधी पुरळ उठलं होतं का, एवढं विचारायला वेळ लागत नाही.

अवघड भाग वाळण्याचा. “सर, वाळू दे की” असं सिस्टरने सर्जनला म्हणायचं, हे मीटिंगमध्ये ठरवणं सोपं असतं. रात्री दोन वाजता ते कोणी म्हणत नाही. तिथल्या सिनिअर सिस्टरनीच त्यावर उपाय काढला. ड्रेपचं पाकीट आता ट्रॉलीवर ठेवत नाहीत, ते सिस्टरच्या हातात असतं. त्वचा वाळलेली दिसली की त्या ते उघडून देतात. तोवर डॉक्टरांनी कॅथेटरचे दोन्ही पदर सलाइनने फ्लश करायचे, वायर तपासायची. ही कामं तशीही करावीच लागतात, फक्त आधी होत होती ती आता औषध लावल्यानंतर होतात. कोणी कोणाला थांबवत नाही, वेळ आपोआप जातो. माझ्या सूचनांपेक्षा ही जास्त कामाची निघाली, हे मोकळेपणाने सांगतो.

व्यवस्थापनाने विचारलं, दर कमी झाला हे कधी दाखवाल? दहा खाटांच्या आयसीयूत रोज सरासरी चार लाइन धरल्या, तर हजार लाइन-दिवस भरायला अडीचशे दिवस लागतात. फ्रान्समधला फरक हजार दिवसांमागे दीड संसर्गाचा होता. म्हणजे इथे वर्षभर शून्य आलं तरी ते नशीबही असू शकतं. त्यामुळे संसर्ग मोजा, पण त्यावरून पाठ थोपटून घेऊ नका. त्याऐवजी महिन्यातून काही वेळा कोणी तरी उभं राहून पाहायचं: घासलं किती सेकंद, पुसलं का, सुटलेलं ड्रेसिंग बदललं की झाकलं. या तीन गोष्टी लगेच कळतात.

दोन मुद्दे अजून लोंबकळत आहेत. सर्जनना रंगहीन औषधावर भरवसा नाही, कुठे लागलं कुठे राहिलं दिसत नाही म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. रंग घातलेलं दोन टक्क्यांचं औषध मिळतं, त्याचं कोटेशन मागवलंय. दुसरं, डायलिसिस विभागाची खरेदी वेगळ्या खात्यातून होते. तिथे अजून बीटाडीन आणि पाठोपाठ स्पिरिटच चालतं, आणि त्यांची कॅथेटर तर महिनोन्‌महिने राहतात. तिथली बाटली आणि तिथला हात मी अजून पाहिलेला नाही. पुढची भेट त्यासाठीच ठरली आहे.